फोनवरचं एक वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या सोसायटीतले नाही – आणि उद्या जिन्यात आपली गाठ पडणार नाही.

सरस्वतीपुरमच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. नाशिक सोडून म्हैसूरला आल्याला पुष्कळ वर्षं झाली. सोसायटीत मला सगळे मोकळ्या मनाची समजतात. का समजू नये? समोरच्या फ्लॅटमध्ये रत्ना आईला घेऊन भाड्याने आली, तेव्हा तिला सगळ्यांच्या ओळखी मीच करून दिल्या.

रत्ना नर्स. म्हैसूरजवळच्या कोटे तालुक्यातल्या एका हाडीतली, म्हणजे आदिवासी पाड्यातली. जेनु कुरुब – पूर्वी जंगलात मध काढणारी माणसं. तिच्या आजीच्या वेळी त्यांना जंगलातून उठवलं आणि रस्त्याच्या कडेला आणून वसवलं. हे तिनेच मला सांगितलं होतं, आणि मी ते कर्नाटक राज्योत्सवाच्या कार्यक्रमात माइकवर सगळ्यांना सांगितलं. म्हणाले, ज्यांचं घर गेलं त्यांना निदान आपण शेजारी म्हणूया. टाळ्या पडल्या. रत्नाच्या आईने माझे दोन्ही हात धरले.

मग मला संशय कशाचा येत होता?

तिच्याकडे माणसं यायची. गावाकडची, गाठोडी घेतलेली, हळू बोलणारी. मोठ्या दवाखान्यात दाखवायला आलेली – हे मला ठाऊक होतं. तरीही गॅलरीत कपडे वाळत घालताना मी बघत राहायची. आज कोण आलं? काल आलेला गेला का? हा असा वर का बघतोय? एकदा पंपाच्या खोलीचं कुलूप सापडेना. माझ्या मनात पहिल्यांदा कोण आलं, ते सांगायला हवं का? कुलूप प्लंबरच्या पिशवीत निघालं. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं – या वेळी प्लंबर निघाला, इतकंच.

आमच्याकडे दसऱ्याला सासरची सगळी मंडळी उतरतात, हॉलभर गाद्या पडतात. त्यांच्यावर कुणी नजर ठेवली?

आमच्याच मजल्यावर शिंदेकाका राहायचे. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. घरात मराठी, पण निम्मी कन्नड. तोंडाने फटकळ. रत्नाच्या दारातल्या चपला बघून एकदा ते जिन्यात मोठ्याने म्हणाले होते, "ही काय धर्मशाळा आहे?" सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढे तेच काका त्या पाहुण्यांना दवाखान्याच्या बसमध्ये बसवून द्यायचे. ते मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं होतं.

रत्नाने तो फ्लॅट विकत घ्यायचं ठरवलं. कर्ज मंजूर झालं होतं. घरमालकीण बेंगळूरला मुलीकडे असायच्या, त्यांनी मला फोन केला. सेक्रेटरी म्हणून सहज विचारलं – माणसं कशी आहेत?

मी म्हणाले, "चांगली आहेत हो. फक्त... येणंजाणं फार असतं. कोण कुठलं, कळत नाही."

एवढंच. यात खोटं काय होतं? येणंजाणं होतंच. पण ते वाक्य मी कशासाठी बोलले, ते मला बोलतानाच माहीत होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." फ्लॅट दुसऱ्याच कुणाला गेला.

हे सांगून मोकळं व्हावं असं वाटत होतं. पण खरं सांगायचं ते हे नाहीच.

रत्ना माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "अक्का, सोसायटीतल्याच कुणीतरी सांगितलंय. कोण असेल?"

मी नाव घेतलं नाही. मी फक्त शिंदेकाकांच्या दाराकडे पाहिलं – आणि मान खाली घातली.

तिला तेवढं पुरलं.

फ्लॅट रिकामा करेपर्यंत ती काकांशी एक शब्द बोलली नाही. सोसायटीतही कुजबुज झाली. त्यांच्या शेजारी बाकावर बसायचे ते लोक फिरकेनासे झाले. एका सकाळी काका मला गेटपाशी म्हणाले, "मी काय तप्पु केलो गे? ती पोरगी माझ्याशी बोलंना." तप्पु म्हणजे चूक. मी म्हणाले, "कामाच्या गडबडीत असेल, काका." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं का? अजूनही मला ते बघणं उलगडत नाही.

रत्ना आता शहराबाहेर, वरुणा गावाच्या बाजूला राहते. सणाला फोन करते. "तिथे तुम्ही एकट्याच आमच्या होतात," असं तिची आई म्हणते म्हणे. मी ऐकून घेते.

गेल्या वर्षी काका गेले. रत्नाला मीच कळवलं. ती म्हणाली, "अक्का, मेलेल्या माणसावर राग धरू नये. येऊ का मी?"

तिथे त्यांचा मुलगा होता. ती येती, तर काही बोलली असती. त्याने विचारलं असतं – बाबांचं नाव कुणी सांगितलं?

मी म्हणाले, "राहू दे. नको येऊस."