दगडावरचं लँकेशायर

बेला हॅडविन आमच्या गावात करंदी विकायची. ओहोटीला समुद्र मैल न् मैल मागे सरतो. तिचा नवरा वॉल्टर ट्रॅक्टर घेऊन त्या ओल्या वाळूत करंदी धरायला उतरायचा आणि ती मागच्या खोलीत करंदी उकडून, सोलून, जायपत्री घातलेल्या लोण्यात मुरवून ठेवायची. आमचं गाव म्हणजे लँकेशायर जिल्ह्याचा तुटलेला तुकडा; वाळूच्या पलीकडे बाकीचं लँकेशायर. रस्त्याने जायचं तर शेजारच्या वेस्टमोरलँड जिल्ह्यातून वळसा पडतो, म्हणून आमचे आजे-पणजे वाळूतूनच चालत जात. आपण वाळूने लँकेशायरचे, रस्त्याने कोणाचेच नाही, असं बेला म्हणायची.

वेस्टमोरलँडवाल्यांशी आमचं कधी जमलं नाही. ते डोंगरातले, घुमे. एक शब्द बोलायचा तर आधी मेंढीला विचारतील. आमच्या तोंडाला मात्र कुलूप म्हणून नाही. त्यात बेलाच्या लेकीनं, हिल्डानं, तिथल्याच लँटी नावाच्या मेंढपाळाशी लग्न केलं. भर लग्नात बेला व्याह्यांना म्हणाली, "पोरगी दिलीय, जिल्हा नाही दिला."

मग चौऱ्याहत्तर साली लंडनच्या शहाण्यांनी आमचा तुकडा, अख्खं वेस्टमोरलँड आणि पलीकडचं कंबरलँड एकत्र कालवून कंब्रिया नावाचा नवा जिल्हा केला. मुहूर्त धरला तो एक एप्रिलचा. आम्हाला आधी थट्टाच वाटली. त्याच वर्षी पानगळीत वॉल्टर झोपेतच गेला.

मी गावचा पाथरवट. बेला माझ्याकडे आली आणि थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते सांगितलं: वॉल्टर हॅडविन, लँकेशायरमध्ये जन्मला, लँकेशायरमध्ये वारला. पाद्रीबाबा इंग्लंडच्या दक्षिणेतून नवेच आलेले. चर्चच्या आवारात खोटं लिहिता येणार नाही, माणूस वारला तेव्हा गाव कंब्रियात होतं, असं त्यांचं म्हणणं. मीही म्हटलं, जिल्हा गाळू, नुसतं गाव लिहू. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं छिन्नी उचलली.

दगड झाला, पण आवारात त्याला बंदी. बेलानं तो आपल्या दाराशी, करंदीच्या बाकाशेजारी, रस्त्याकडे तोंड करून उभा केला. गिऱ्हाईक करंदी नेई आणि वॉल्टरला वाचून जाई. थडगं मात्र बोडकंच राहिलं. ते तिला फार लागायचं. एकदा करंदी सोलता सोलता ती रडली.

"तो तिथं बेवारशासारखा पडलाय, विल्फ," ती म्हणाली. "पण परक्या नावाखाली नाही ठेवायची मी त्याला."

ते बोडकं थडगं कोणाचं, असं उन्हाळ्यातले पाहुणे पाद्रीबाबांना विचारून विचारून हैराण करू लागले. शेवटी ते स्वतः तिच्या दाराशी आले आणि म्हणाले, आणा बाई तो दगड. तिनं लगेच मला खाली आणखी एक ओळ घालायला लावली: आणि त्याची पत्नी इसाबेला, तीही लँकेशायरमध्येच वारली. नुसतं साल मोकळं. जिवंत माणसाचं मरण कसं कोरू, मी विचारलं. दुसरीकडे कुठं गेलीस तर?

"नाही जाणार. मी मेल्यावर तुम्ही सगळे मऊ पडाल, ठाऊक आहे मला."

तेव्हापासून ती लेकीकडे कधी मुक्कामाला राहिली नाही. रविवारी जेवायची आणि अंधार पडायच्या आत विन्स्टर नदीच्या अलीकडे परत. ती नदी म्हणजे जुनी शीव.

नातीच्या बारशाला हिल्डाच्या घरी मलाही बोलावणं होतं. जेवता जेवता बेलाच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, रात्र निघणं कठीण आहे, जागचं हलवू नका. बेला म्हणाली, मला नदीपलीकडे न्या. हिल्डा रडत दार अडवून उभी राहिली. लँटीनं सासूला उचललं, बायकोला हळूच बाजूला सारलं आणि गाडीत मागे चारा पसरून बेलाला माझ्या खांद्याशी टेकवून बसवलं.

वाटेत तिचा श्वास घरघरायला लागला. डोळे मिटलेले.

"ओलांडली?" तिनं विचारलं.

मी हो म्हणणारच होतो. एका शब्दानं बाई सुखानं गेली असती. पण लँटी आधी बोलला.

"नाही, सासूबाई. अजून वेस्टमोरलँडच आहे. दम धरा."

मला त्याचा असा संताप आला. बेलानं मात्र डोळे उघडले.

"तुझ्या मेंढरांत मरायची नाही मी, जावईबापू."

"मग नका मरू."

पूल ओलांडून त्यानं गाडी थांबवली. "आलं लँकेशायर," तो म्हणाला. "आता तुमची मर्जी."

बेला म्हणाली, गाडीला मेंढरांचा वास मारतोय, घरी सोडा.

त्यानंतर ती बरेच हिवाळे जगली आणि गेली ती स्वतःच्या पलंगावर. मी साल कोरत होतो तेव्हा लँटी आला. टोपी काढून त्यानं सबंध दगड वाचला. त्याचाही जिल्हा त्याच एक एप्रिलच्या सकाळी पुसला गेला होता. इतक्या वर्षांत त्याबद्दल त्याला आमच्यापैकी कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"विल्फ, माझ्यासाठी एक दगड बघून ठेव," तो म्हणाला. "वेस्टमोरलँड तेवढं मोठं लिही. नाव बारीक चालेल."