पॅसेजमधला दोन अँटेनांचा राउटर

या साइटवरचे असले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचायचे आणि मैत्रिणींना हसत हसत वाचून दाखवायचे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही तिची तक्रार आमच्याकडे बंद करून टाकतात. भूतखेत, बाहेरचं वगैरे प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नव्हता... खरं तर अजूनही नाही. पण जे घडलं ते माझ्या हातून घडलं, म्हणून लिहिते आहे.

२००९ चा मे महिना. मी मूळची अंबाजोगाईची. लग्नानंतर मी आणि निलेश पुण्याजवळ भूगावला एका नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो होतो. वन बीएचके. दारातून आत आलं की हॉल, मग चार पावलांचा पॅसेज — एका बाजूला किचन, दुसऱ्या बाजूला बाथरूम — आणि शेवटी बेडरूम. गुरुवारी लाईट जायची. एका गुरुवारी लाईट परत आली ती अशी दणक्यात, की आमचा जुना राउटर जळाला. घरभर प्लास्टिक जळाल्याचा वास.

आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर आलेलं, रविवारीसुद्धा घरून काम करावं लागायचं. त्यामुळे नवा राउटर लगेच हवा होता. आमच्याकडे नेटचं काम करणारा संतोष म्हणून एक जण होता, पिरंगुटचा. तिशीतला, दोन मुलींचा बाप, अतिशय मवाळ माणूस. घरात येताना चपलाच काय, मोजेसुद्धा बाहेर काढायचा. शनिवारी दुपारी तो दोन राउटर घेऊन आला. एक छोटा, एका अँटेनाचा. दुसरा मोठा, दोन अँटेनांचा.

"मॅडम, येवढ्याशा फ्लॅटला हा बारका बास हाय," तो म्हणाला. "उगा मोठा कशाला?"

छोटा हॉलमध्ये लावून पाहिला, तर बेडरूममध्ये रेंज एक कांडी. मध्ये बाथरूमची भिंत येत होती. मोठा लावला, तरी दोनच. निलेश म्हणाला, "मोठाच घेऊ, आणि पॅसेजमध्ये वर लावू. म्हणजे दोन्हीकडे सारखी मिळेल." बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसले, तर खरंच पाचही कांड्या भरल्या. ठरलं.

संतोष प्लास्टिकच्या स्टुलावर चढला. बाथरूमच्या दाराशेजारच्या कोपऱ्यात त्याने खुणा केल्या, एक स्क्रू बसवून राउटर त्यावर अडकवला. दुसरा जाईना म्हणून हातोडी घेतली. निलेशने आधाराला एक हात भिंतीवर टेकवला होता आणि दुसऱ्या हाताने स्टूल धरलं होतं. मी किचनच्या दारात.

संतोष थांबला. मान वळवून त्याने निलेशच्या हाताकडे पाहिलं. मग हातोडी उचलली आणि त्या हातावर घातली.

मला वाटलं, निसटली. पण त्याने दुसऱ्यांदा घातली. तिसऱ्यांदा. निलेश किंचाळून खाली बसला, तसा संतोष स्टुलावरून उतरला, त्याचं मनगट पायाखाली दाबलं आणि पुन्हा हातोडी उगारली. एक शब्द नाही, शिवी नाही. मी मागून त्याच्या शर्टाला धरून सगळा जीव लावून ओढलं. आम्ही दोघंही हॉलमध्ये येऊन पडलो... आणि पडल्या पडल्या त्याच्या हातातली हातोडी गळली. त्याने निलेशकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"मी न्हाई वो... मॅडम, आईशप्पथ, मी न्हाई!"

निलेशची दोन बोटं मोडली होती. त्याला पोलिसात जायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी संतोष बायकोला घेऊन आला. ती दारातच उभी राहून म्हणाली, "ह्यांनी आजवर पोरींस्नी बी हात लावला न्हाई, ताई. काय झालं त्येच कळंना." ऊन लागलं असेल, डोकं फिरलं असेल, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

राउटर एकाच स्क्रूवर लटकत होता, पण चालत होता. रेंज उत्तम. आम्ही तो तसाच ठेवला. आज स्वतःचंच नवल वाटतं, पण तेव्हा मला फक्त माझं रिलीज दिसत होतं.

दोन आठवडे काही नाही. पॅसेजमधून दिवसातून पन्नास वेळा जायचो, पण तिथे थांबणार कशाला कोण?

मग एका रविवारी सकाळी नेट गेलं. निलेशच्या हाताला प्लॅस्टर, म्हणून मीच स्टुलावर चढले. राउटर रिसेट करायला त्याच्या मागच्या भोकात पिन घालून तीस आकडे मोजायचे होते. मी मोजायला लागले. अठरा-एकोणीसपर्यंत मोजलेलं आठवतं.

"झालं का गं?" निलेशने खालून विचारलं.

मी राउटर स्क्रूसकट उपटला आणि त्याच्या डोक्यात घातला.

प्लास्टिक फुटलं. फुटलेल्या कडेने पुन्हा मारलं, कपाळावर. तो "अगं, अगं" करत मागे सरकला, तर मी स्टुलावरून त्याच्या अंगावर उडी टाकली. प्लॅस्टरचा हात धरून पिरगाळला. त्याच्या खांद्याला चावले — रक्त तोंडात येईपर्यंत. राउटरची वायर त्याच्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळून मी गुडघा त्याच्या पाठीत रोवला होता. त्याची नखं फरशीवर घासत होती. तसाच, मला पाठीवर घेऊन, तो हॉलकडे सरपटला. उंबऱ्यासारखी काळ्या दगडाची पट्टी होती तिथे. ती ओलांडली आणि... संपलं. पंखा बंद करावा तसं. वायर माझ्या हातात होती आणि निलेशचं तोंड निळं पडलं होतं.

अकरा टाके. डॉक्टरांना त्याने सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. गळ्यावरचे वळ पाहून डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

बिल्डिंग ज्यांच्या जमिनीवर उभी राहिली ते अण्णा समोरच्या बंगल्यात राहायचे. मी त्यांना सरळ विचारलं — इथे आधी काय होतं? खून, मारामारी, स्मशान?

"न्हाई बाई," ते म्हणाले. "हितं भात व्हता. माझ्या बापाचा, त्येच्या बापाचा. कुणी मेलं न्हाई, कुणी भांडलं न्हाई. बैल बी कधी पाय मोडून पडला न्हाई हितं."

माझी अवस्था पाहून ते घरी आले, पॅसेजमध्ये पाच मिनिटं उभे राहिले. काही झालं नाही. "उलट गार वाटतंय हितं," म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

मी टेस्टर आहे ना... निलेशला बाहेर पाठवून, दाराला कडी लावून मी त्याच कोपऱ्यात स्टुलावर उभी राहिले. तीस मोजले, तीनशे मोजले. एकदा तो फुटका राउटर हातात धरूनही. काही नाही. ऑफिसातल्या एका मित्राने तो उघडून पाहिला. तो म्हणाला, साधा बोर्ड आहे, यात काय असणार? मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, कामाचा ताण. मग संतोषला कसला ताण होता?

महिन्याच्या आत आम्ही कोथरूडला राहायला गेलो. निलेश माझ्याबरोबर आहे. त्याने मला कधीच दोष दिला नाही. पण मी मागून आले की त्याची मान अजून आखडते.

एक गोष्ट मात्र मी त्याला, डॉक्टरांना, कुणालाच सांगितली नाही. सगळ्यांना सांगितलं की मला काही आठवत नाही.

गेल्या वर्षी चांदणी चौकात संतोष भेटला. नेटचं काम सोडून तो आता भाजीचा टेम्पो चालवतो. थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी... तुला कसला राग आला होता का रे?"

त्याने टेम्पोची सुटलेली दोरी ओढून बांधली.

"राग न्हवता, मॅडम," तो म्हणाला. "लई बरं वाटत व्हतं. पोरगी झाली तवा बी येवढं बरं वाटलं न्हवतं. म्हणून तर आता हातोडी धरत न्हाई मी."

मी मान हलवली आणि निघाले. त्याला सांगायला हवं होतं की मलाही तसंच वाटत होतं. जमलं नाही.