सासऱ्यांची बंदूक फोडणारे दत्तूमामा

माझ्या सासऱ्यांची बंदूक ज्या माणसानं फोडली, तो माणूस आज सकाळी गेला.

दत्तूमामा. माझ्या सासूबाईंचे सख्खे भाऊ. मिल्ट्रीत जन्मभर बंदुका दुरुस्त केल्या, मग पेन्शन घेऊन बेलापूरला राहिले.
तोंडानं लई फाटके. माझं त्यांच्याशी जमायचं ते त्यामुळंच.

सासऱ्यांची रायफल जुनी, विलायती, लायसनची. दसऱ्याला पूजा करून एक बार काढायचा, ही घरची रीत. सासरे गेले तरी ती चालू होती. पण त्या मापाची काडतुसं मिळायची बंद झाली.

म्हणून आमच्या ह्यांनी घरीच भरली. मोबाईलवर व्हिडिओ बघून!

शेजारच्या आण्णांची रायफलही त्याच मापाची. तिच्यात एक उडवून बघितलं. चाललं.
झालं, हे हिरो.

दसऱ्याला मामा आलेले. त्यांनी दोन्ही रायफलींचे बोल्ट काढून पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले.

"बाळ्या, वरची नक्षी बघू नको. बाराचा दणका मागं ह्यो बोल्ट धरतो. आण्णाच्या बोल्टला दोन दात हायेत. तुज्याला एकच, त्यो बी झिजलाय."

"पण काडतूस तर दोन्हीत तेच बसतं ना?"

"बसतं. सोसत न्हाई."

"मामा, तुमी म्हातारे झाले."

"व्हय. बंदुकीत जल्म गेला, तरी दोन्ही डोळं घिऊन म्हातारा झालो."

मला असली चर्चा सहन होत नाही. मी म्हणलं, "तोंडं बंद करा दोघं. टायरला बांधा आन लांबून दोरी वढा."

मामा हसले. "सूनबाई, तू मिल्ट्रीत पायजे हुतीस."

मळ्यात ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला मामांनीच रायफल बांधली, ह्यांचं काडतूस घातलं आणि घोड्याला लांब दोरी लावली. आम्ही सगळे विहिरीच्या कठड्यामागं. दोरी ह्यांनीच ओढली.

दात तुटला. बोल्ट मागं सुटला तो गोठ्याच्या पत्र्यातून आरपार.

जिथून गेला, तिथं ह्यांचा गाल असणार होता.

हे पत्र्यापाशी जाऊन त्या भोकात बोट घालून बघत राहिले. मामा एक शब्द टाकून बोलले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "चहा ठेव. त्याला साखर जास्त टाक."

सासूबाई मात्र भावावर लई दिवस रुसल्या. नवऱ्याची आठवण मोडली म्हणून.
मी म्हणलं, आत्याबाई, आठवण मोडली, पोरगा तर हाय ना?

आज मामांना पहिला खांदा ह्यांनी दिला.
मी दारातून बघत होते. ह्यांचे दोन्ही डोळे जागेवर, आणि दोन्ही वाहत होते.

मामा, माझं घर तुमच्यामुळं उभं हाय. तोंडावर कधी बोलले न्हाई, आता ऐका. लई उपकार झाले.

जावा सुखानं.