शिंपीणबाईंची शांत मुलगी

शिंपीणबाईंची धाकटी दीड वर्षाची झाली, तरी तिचा आवाज कधी शेजारच्या खोलीत गेला नव्हता. मशीनजवळ चादरीवर बसवली की तिथेच बसून राही. गिऱ्हाइकं म्हणत, "किती शहाणं लेकरू हो!" आणि शिंपीणबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढे. थोरल्या मुलीनं त्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. हिला मात्र दोन घोट भाताचं पाणी, चहात बुडवलेलं बिस्किट दिलं, की काम झालं.

मग नणंद राहायला आली. तिची लेक याच वयाची. आल्या आल्या तिनं बटणांचा डबा उपडा केला आणि आईचा धपाटा चुकवून पलंगाखाली पळाली. धाकटी नुसती बघत राहिली. तिला उचललं आणि नणंदेचा चेहराच उतरला.

"वहिनी, अहो, हिला वजनच नाही!"

"तुमच्या घराण्यातली सगळी बारीकच, वन्सं."

"मी कुठल्या घराण्यातली मग?" नणंद चांगली आडव्या अंगाची होती. "चला, उठा. दवाखान्यात जाऊ."

दवाखान्यातल्या नर्सनं मुलीच्या दंडाला मापाची पट्टी लावून पाहिली. "रडते का ही?"

"छे हो! फार शांत आहे."

"शांत नाही, बाई. रडायलाही बळ लागतं, ते तिच्या अंगात नाही."

"मी तर भाताच्या पाण्यावरच ठेवलं हो हिला!" शिंपीणबाई म्हणाल्या. नर्स रागावली मात्र नाही. वजन वाढवणाऱ्या खाऊची पाकिटं दिली आणि घट्ट डाळभात, अंडं, शेंगदाण्याचं कूट, वर तेल, असं थोडं थोडं सारखं भरवायला सांगितलं.

पहिले काही दिवस मुलगी तोंड फिरवी, घास थुंकून टाकी. शिंपीणबाई एक शिवण मारत, एक घास भरवत. नणंदेनं मुक्काम वाढवला. लांबच लांब गोष्टी रचून तीही भरवू लागली.

एका दुपारी शिंपीणबाईंनी रिकामी वाटी धुवायला उचलली, तर मुलीनं असं भोकाड पसरलं की शेजारीण धावत आली. "काय झालं?"

"अजून हवंय म्हणते!" शिंपीणबाई हसतही होत्या, डोळेही पुसत होत्या.

आता कपडे उशिरा मिळाले म्हणून कुणी कुरकुरलं, तर त्या म्हणतात, "काय करू? मी कॉलर लावत होते, तोवर ही बया तुमची बाही घेऊन गल्लीत फिरायला गेली."