लेट्स टेबल लंच ड्यूटी

"जेवणाच्या सुट्टीत शिक्षकांनी कॅफेटेरियात मुलांवर लक्ष ठेवायचं," आमची सुपरिंटेंडंट पॅट पुन्हा म्हणाली.

"नाही," टेबलापलीकडून युनियनचा फ्रँक पुन्हा म्हणाला.

साल २००४. न्यू जर्सीतलं एक गाव. नाव सांगत नाही, तिथे अजून ओळखी आहेत. गावातल्या सगळ्या सरकारी शाळांचं मिळून एक स्कूल डिस्ट्रिक्ट असतं, आणि सुपरिंटेंडंट म्हणजे त्याची मुख्य अधिकारी. मी तिच्या हाताखाली, एचआरमध्ये. शिक्षकांचा करार उन्हाळ्यातच संपला होता, आणि नव्याचं घोडं या लंच ड्यूटीपाशी अडलं होतं.

फ्रँकशेजारी लिंडा बसायची. पहिलीची शिक्षिका. तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता. जेवणाच्या सुट्टीत ती दोन ब्लॉक पलीकडे घरी जायची, त्याला भरवून परत यायची. लंच ड्यूटी लागली तर नोकरी सोडावी लागेल, एवढंच ती पहिल्या मीटिंगमध्ये बोलली होती. मला तिच्याकडे बघवत नसे. पण माझी खुर्ची समोरच्या बाजूला होती, आणि पगारही तिकडूनच यायचा.

तेवढ्यात पॅटला फोन आला. बाहेर जाताना ती म्हणाली, "सुनीता, कीप देम टॉकिंग."

बोलणार काय? हवापाण्याच्या गप्पा मारून झाल्या होत्या. मग मुख्य विषयच काढू म्हटलं, आणि नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या इंग्रजीत मी ठणकावून म्हणाले, "लेट्स टेबल लंच ड्यूटी."

आपल्या इंग्रजीत 'टेबल करणं' म्हणजे विषय चर्चेला घेणं. अमेरिकेत त्याचा अर्थ बरोबर उलटा, विषय गुंडाळून ठेवणं. हे मला ठाऊक नव्हतं.

"यू मीन इट?" फ्रँकने विचारलं.

"ऑफ कोर्स. राइट नाऊ."

लिंडाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, बाई चिडली. फ्रँक आपल्या लोकांना घेऊन कॉकसला गेला. म्हणजे आपापसात खलबत करायला शेजारच्या खोलीत. परत आला तो हसतच. "तुम्ही एवढं सोडलंत, तर आम्हीही ताणून धरणार नाही. पेरेंट-टीचर कॉन्फरन्स तुम्ही मागता तशा संध्याकाळी घेऊ."

'सोडलंत'? मी काय सोडलं, हे विचारायला मी तोंड उघडलं. त्याच क्षणी पॅट आत आली. फ्रँकने तिचा हात हातात घेऊन आभार मानले आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. पॅटने माझ्याकडे पाहिलं. मी कार्पेटकडे पाहिलं.

"वुई ट्राय टु बी रीझनेबल," पॅट म्हणाली.

नंतर पार्किंगमध्ये तिने मला गाठलं. "टेबल म्हणजे काय वाटलं तुला?"

मी सांगितलं. ती हसत सुटली.

"घाबरू नकोस. नोकरी करणाऱ्या पालकांसाठी मला संध्याकाळच्या कॉन्फरन्सच हव्या होत्या. लंच ड्यूटी मी शेवटी सोडायला म्हणूनच ठेवली होती."

"मग लिंडा?"

"लिंडाचं काय?" पॅटने गाडीचं दार उघडलं.

मला मनापासून संताप आला. जी गोष्ट कोणालाच नको होती, तिच्यापायी ती बाई इतके महिने धास्तावून बसली होती. मी "गुड नाइट" म्हणाले. एचआरमध्ये संताप व्यक्त करायची हीच पद्धत आहे.

करार झाला. लिंडा नोकरीत राहिली, आणि माझ्या समजूतदारपणाबद्दल तिने मला केक करून आणला. मी तो खाल्ला.

हल्ली मागण्यांचा मसुदा समोर आला की मी आपल्याच माणसांना एकेका मागणीवर बोट ठेवून विचारते, ही खरंच हवी आहे का? उत्तर यायला फार वेळ लागतो.