प्लग कोठे आहे?

खऱ्या कलावंताला आपल्या गावात कायमची जागा असते, असं सत्कारसमारंभांत सांगतात. तंजावूरमध्ये मी असे बरेच समारंभ पाहिले आहेत. त्यांतली शाल खरी असते, बाकीच्याची खात्री देता येत नाही. मी जिच्याविषयी सांगतो आहे ती कोणाच्याही घरात शिरली की देवाकडे बघायच्या आधी भिंतीच्या तळाशी बघायची आणि विचारायची, "प्लग कोठे आहे?" जागा म्हणून तिला तेवढीच लागायची.

ती आमच्याच गल्लीतली. आमच्यासारखंच, मराठा राजांच्या मागून इकडे आलेलं मराठी घर. घरात मराठी, दारात तमिळ, भांडण दोन्हींत. लहानपणी रीतसर वीणा शिकली. पुढे एका कारागिराने, वाळताना चिरली म्हणून टाकून दिलेली फणसाच्या लाकडाची वीणा तिने उचलून आणली, तिला वायर जोडली आणि पायाखाली आवाज फाडून मोठा करणारी एक लोखंडी डबी ठेवली. डबी दाबली की वीणेतून भाताची गिरणी सुरू व्हायची. त्यावर ती मावश्या-आत्यांच्या जुन्या चालींत स्वतः रचलेली गाणी म्हणायची.

"हे काय म्हणायचं गं?" मी एकदा विचारलं.

"अर्धं लोकगीत, अर्धा गोंगाट, मामा."

"कोणतं अर्धं आधी येतं ते सांगून ठेव. म्हणजे आम्ही तेवढ्यापुरते येऊ."

ती मनापासून हसली. विमा कचेरीतली नोकरी तिने याच गाण्यासाठी सोडली होती, आणि गल्लीने तिला वेड्यात काढण्याचं काम आळीपाळीने वाटून घेतलं होतं.

बाहेर मात्र तिचं नाव होऊ लागलं. बंगळूर, कोची, मग युरोपातली लहान लहान सभागृहं. तिकडे लोक उभं राहून ऐकतात, असं तिने सांगितलं तेव्हा आमच्या शेजारच्या अक्का म्हणाल्या, "खुर्च्या नाहीत का त्यांच्याकडे?"

तिचं सगळ्यांत गाजलेलं गाणं जवळच्या पापनाशम गावाच्या बसचं. सुरुवातीला एक बाई थांब्यावर उभी आहे, बस येत नाही. मग डबी दाबली जाते आणि बराच वेळ नुसता गदारोळ. शेवटी सगळं शांत होऊन एकच ओळ येते. एका इंग्रजी मासिकाने या गाण्याला 'हरवत चाललेल्या भाषेचा शतकांचा आक्रोश' म्हटलं. तिने ते आम्हाला वाचून दाखवलं, मासिक मिटलं आणि म्हणाली, "बसची वाट बघणं आहे, मामा. फार वेळ."

अडचण एवढीच होती की ती शेवटची ओळ तंजावूरमध्ये कोणीही ऐकलेली नव्हती. एका लग्नात गाणं गदारोळापर्यंत पोचलं आणि नवरीचे काका हात जोडून पुढे आले, "पोदुम, अम्मा." पोदुम म्हणजे पुरे. एका कॉलेजात माइकवाल्याने वायरच उपटली. त्याचा हेतू वाईट नव्हता. यंत्र बिघडलं असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं होतं.

"परक्या लोकांना शेवट पाठ आहे," ती एकदा म्हणाली. "बस इथली, थांबा इथला, आणि इथेच कोणाला ठाऊक नाही ती आली की नाही." हे सांगताना ती हसली नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

एका नवरात्रात ती गावी होती. आमच्याकडे कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या. संध्याकाळी बायका येतात, बाहुल्यांपुढे एकेक गाणं म्हणतात आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घेऊन जातात. अक्का निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याकडे गायल्याशिवाय सुंडल नाही, आणि सुरू केलेलं गाणं अर्धवट टाकायचं नाही. दिव्यांच्या माळांचं काम दरवर्षी माझ्याकडे असे.

ती अक्कांकडे वीणा घेऊन आली. भिंतीच्या तळाशी पाहिलं. "प्लग कोठे आहे?"

खोलीतल्या एकुलत्या प्लगात माझी माळ होती.

"माळ काढ रे," अक्का म्हणाल्या.

"अक्का, कोलूवर अंधार होईल."

"देवांना अंधारात ऐकू येत नाही की काय?"

मी माळ काढली. समईच्या उजेडात तिने बाई थांब्यावर उभी केली. मग डबीवर पाय पडला. खिडकीचे गज थरथरले, पितळेची ताटं वाजू लागली. एक बाई कानांवर हात ठेवून म्हणाली, "पोदुम, पोदुम." अक्कांनी, वर्गात उचलत तसा, हात उचलला. "बसा. अजून संपलेलं नाही."

तेवढ्यात कोणीतरी पायऱ्यांकडे बोट दाखवलं. आपल्या गावच्या त्या डोलणाऱ्या बाहुल्या, ज्यांची मान टिचकीवर हलते, त्या सगळ्या एकदम माना डोलावत होत्या. या गावात तिच्या गाण्याला मान डोलावणारे ते पहिलेच रसिक. बायका हसू लागल्या, आणि हसत हसत ऐकू लागल्या.

मग सगळं थांबलं. त्या शांततेत ती हळूच गायली: बस आली. बसायला जागा मिळाली.

"खिडकीजवळ?" मघाशी कान झाकणाऱ्या बाईंनी विचारलं.

"खिडकीजवळ."

सगळ्यांना बरं वाटलं. अक्कांनी मात्र चष्म्यावरून पाहिलं. "मग एवढं ओरडायचं काय होतं, अगे?"

"जागा मिळेल हे आधी ठाऊक नव्हतं, अक्का."

अक्कांनी तिच्या द्रोणात सुंडल वाढलं, आणि ती नको म्हणत असताना पुन्हा वाढलं.

हल्ली नवरात्रात ती बाहेरदेशी गात असते. अक्का त्या प्लगात कोणाला काही लावू देत नाहीत. "ती आली तर?" म्हणतात. त्यामुळे कोलूची माळ मी आमच्या स्वयंपाकघरातून वायर ओढून लावतो. तिथेही प्लग एकच आहे, मिक्सरचा. नवरात्रभर आमच्याकडे चटणी होत नाही.