होडी ओढणारे हात

डहाणूच्या किनाऱ्यावर, आमच्या वाडीत, होडी एकट्याची नसते. ती समुद्रातून आली की ज्याला दिसेल तो धावतो. कोणी खाली ओंडके सरकवतो, एकजण हाक देतो, बाकीचे जोर लावतात. मग प्रत्येकाला मूठभर मासळी. न बोलावता येतात ती वाडी, असं बाबा म्हणायचे.

लग्न ठरलं की काकांपुढे नारळ ठेवायचा. काका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ, वाडीचे पुढारी. त्यांनी नारळ उचलला की मंजुरी. पोरं त्याला गमतीनं 'सँक्शन' म्हणत. माझ्या ताईनं डोंगराकडच्या सायवन गावातल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं, नारळबिरळ काही नाही. काका तेव्हा गप्प बसले. पण ताई बाळंतपणाला माहेरी आली आणि बाबांनी तिला घरात घेतलं, तेव्हा काकांनी वाडीला सांगितलं, यांच्या होडीला हात लावायचा नाही.

शिवी नाही, भांडण नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे म्हणे. पण होडी ओढली नाही म्हणून केस कोणावर करायची? बाबा, आई आणि मीच ओढायचो.

एकदा लाटेनं होडी आडवी फिरवली आणि बाबांचा पाय खाली सापडला. मी ओरडले. वाळूत जाळी शिवत बसलेली माणसं उठून उभी राहिली, आणि उभीच राहिली. शेवटी बाळंतीण ताई धावत आली. आम्ही तिघींनी मिळून पाय सोडवला. त्या माणसांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

बाबांना प्लास्टर घालून घरी आणलं. होडी पाण्यातच आदळत होती. आणखी एका भरतीत फळ्या सुटल्या असत्या. काका येऊन खाटेशी बसले.

"पोरीला तिच्या घरी धाड. उद्या होडी वर येईल."

"फुटू दे होडी," बाबा म्हणाले.

पण ताईनं ऐकलं होतं. सकाळी तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि सासरच्या वाटेवरची कासाची बस धरली. मी आडवी गेले तर म्हणाली, "मग खाणार काय तुम्ही?"

दुपारी किनाऱ्यावरून हाक ऐकू आली. होडी एका दमात वर आली. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. द्यायला मासळी नव्हती, म्हणून आईनं सगळ्यांना चहा केला.

काकांनी कप खाली ठेवला. "पोरीच्या बाळाच्या बारशाला सांगा हं. नारळ मी घेऊन येईन."

आई "हो" म्हणाली. होडी पुन्हा पाण्यात लोटायलाही हेच हात लागणार होते.